दाखवायचं पाणी

मार्च कलला की जालन्यात टाक्या रस्त्यावर येतात. काळ्या, निळ्या, पिवळ्या. दुकानांपुढे एकावर एक रचलेल्या, हातगाडीवर सुतळीनं आवळलेल्या, मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसानं कवेत धरलेल्या. मोहोर कधी आला आणि कधी गळला याचा आम्हाला पत्ता नसतो; टाक्या दिसल्या की उन्हाळा लागला म्हणायचं. परवा ह्यांच्याबरोबर बडी सडकेला कापड घ्यायला गेले, तर एका दुकानापुढे निळ्या टाक्यांची ही उंच उतरंड आणि तिच्यासमोर दोघी जणी भाव करत उभ्या. मी तिथेच थांबले. ऊन लागलं असेल, असं मी ह्यांना सांगितलं आणि रसवंतीच्या बाकावर बसून घेतलं. ऊन लागलेलं नव्हतं.

दरवर्षी हे असंच होतं. टाक्या दिसतात आणि मला आमचं बाजारातलं घर आठवतं, त्यातला तो एक उन्हाळा आठवतो, आणि मी कुठे बसायला जागा मिळते का ते बघते.

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा बाजारात राहणं ही मिरवायची गोष्ट होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. गॅलरीतून टोपली सोडली की भाजी वर यायची. सराफ्यात कुणाकडे जुन्या सोन्याची मोड घातली जातेय, कुणाच्या पोरीचा बस्ता बांधला जातोय, सगळं वरून दिसायचं. मग अंबड रोडला, मंठा रोडला प्लॉट पडले. ज्याची ऐपत झाली तो उठला. दहा-बारा वर्षांत वरच्या मजल्यांवर कबुतरं राहायला आली. बिऱ्हाडांची गोदामं झाली, गॅलऱ्यांमध्ये रिकामे खोके दिसायला लागले. संध्याकाळी आठला शटर पडली की गल्लीत चिटपाखरू नसायचं. बाजारात राहतो म्हणायची आम्हाला चोरी झाली. नातेवाईक विचारायचे, अजून तिथंच का? जसं काही आम्ही नापास होऊन त्याच वर्गात बसलोय.

आता पुन्हा वारं फिरलंय. रस्ता सिमेंटचा झाला, कुंडलिका नदीवरचा पूल रुंद झाला, दिव्याचे खांब आले. कबुतरांना हाकलून तिथे क्लास भरतात, काचेच्या दाराची बेकरी निघाली, दवाखाने आले. जुन्या बिल्डिंगी रंगवून विकायला काढल्यात, आणि प्रत्येक पाटीवर जागेच्या मापाआधी एकच ओळ असते: भरपूर पाणी. दुसऱ्या गावात म्हणे घर घेताना हवा बघतात, उजेड बघतात, शाळा किती लांब ते बघतात. आमच्या गावात पहिला प्रश्न, ‘पाणी कसं हाये?’ नळ आठ दिवसांनी की बारा दिवसांनी, यावर सोयरिकी अडलेल्या मी पाहिल्यात. नळाच्या दिवशी आमच्याकडे कुणी परगावी जात नाही, कुणी आजारीसुद्धा पडत नाही.

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, सहा घरांची. गच्चीवर सगळ्यांची मिळून एक टाकी, खाली एक बोअर. बोअरचं पाणी फेब्रुवारीत दम तोडायचं ते जुलैपर्यंत. मग नळाच्या दिवसाचं पाणी पुरवायचं किंवा टँकर. पहिल्या मजल्यावर रंगनाथराव राहायचे, अजून राहतात. तहसीलमधून रिटायर झालेले, मूळ घनसावंगीकडचे शेतकरी, बोलायला गोड आणि डोक्यानं तल्लख. वरच्या बिऱ्हाडाला घर विकायचं होतं आणि भर एप्रिलात गिऱ्हाईक आलं, तेव्हा रंगनाथरावांनीच पहिल्यांदा डोकं चालवलं. सगळ्यांना जिन्यात बोलावून म्हणाले, “एक टँकर टाकीत रिचवू. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोणी तोटी सोडायची न्हाई. ह्याच्या घराला भाव आला म्हंजे आपल्या सगळ्यांच्या घराला आला.” पटलं. न पटायला काय झालं? तेव्हापासून तो रिवाजच पडला. घर दाखवायचं असलं की टाकी भरायची. बायकांनी त्याला नावही दिलं होतं, दाखवायचं पाणी. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारणीची पैठणी नेसवतात, त्यातलाच प्रकार, असं म्हणून आम्ही हसायचो.

या रिवाजात प्रत्येकाला काम असायचं. माझ्याकडे जिना होता. गिऱ्हाईक गल्लीत दिसलं की मी साडी खोचून बादली घेऊन वरच्या पायरीवर उभी. वरून सडासड पाणी सोडायचं आणि खराट्यानं ओढत खाली यायचं. गिऱ्हाईक दारात येईतो जिना ओला, गार. मी अंग चोरून वाट द्यायची आणि म्हणायची, “जपून हं, आत्ताच धुतलाय.” एप्रिलात धुतलेला जिना बघून माणसांचे चेहरे कसे व्हायचे ते मला अजून दिसतं. खरं सांगायचं तर मला त्या कामाची मजा वाटायची. मी शिक्षिका, शाळेत स्नेहसंमेलन बसवायची सवय होती, हेही त्यातलंच वाटायचं. फसलेली माणसं नंतर चार दिवस कुरकुरायची, आणि मग पुढच्या गिऱ्हाईकाच्या वेळी तीच आमच्याबरोबर टँकरची वाट बघायची.

मग एका उन्हाळ्यात आमची पाळी आली. माझे गुडघे बोलायला लागले होते, अंबड रोडला तळमजल्याचं घर मिळत होतं, आणि बाजाराचा रस्ता होणार म्हणून जुन्या घरांना नुकतीच हालचाल सुरू झाली होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. ह्यांनी सकाळीच टँकर मागवला. दुपारी चारच्या सुमारास सिस्टर आल्या.

सुनंदा साळवे. दवाखान्यात नर्स होत्या, ड्यूटी संपवून तशाच आल्या होत्या, खांद्याला डब्याची पिशवी. चाळिशीच्या असतील. ओला जिना चढून आल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, आधी सांगते. आम्ही आष्टीचे. आडनाव साळवे, बौद्ध हाओत. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मला वाईट न्हाई वाटणार. चार घरं पाहिले. चहा देतेत, सगळं दाखवतेत, आडनाव विचारतेत, आन मंग म्हणतेत, भावाला विचारून सांगतो.”

मी तीस वर्षं शाळेत समतेचे धडे शिकवले. भाषणं लिहून दिली, निबंध तपासले. माझ्या आयुष्यात हा प्रश्न असा दारात येऊन उभा राहिला तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. परीक्षेत आपल्याला येणारा प्रश्न पडावा तसा. मी त्यांचा हात धरला आणि आत आणलं. “आम्ही असलं काही मानत नाही हो,” असं म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते आपल्यामुळे भरलेत हे मला फार आवडलं होतं.

त्यांनी घर पाहिलं. पुढची खोली पाहून म्हणाल्या, “इथं आईची कॉट लावीन. गॅलरी दिसंल तिला.” मग सांगितलं. आई गावी पडून होती, अर्धं अंग गेलेलं. दवाखाना इथून चार पावलांवर, दोन ड्यूट्यांच्या मधे येऊन बघता आलं असतं, म्हणून त्यांना बाजारातलंच घर हवं होतं. “तिचं सगळं जागेवरच हाये मॅडम. चादरी, कपडे रोजच्या रोज धुवावे लागतेत.”

त्या एवढंच म्हणाल्या. पाण्याचं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा मी खूप विचार केलाय. सांगितलं असतं, असं स्वतःला पटवायचा प्रयत्नही केलाय. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. मी उठले, मोरीत गेले आणि तोटी पूर्ण सोडली. बादलीत पाणी धो धो पडायला लागलं. बादली भरली, वाहायला लागली, तरी मी बंद केली नाही. बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतका वेळ वाहू दिली. बाहेर आले तर त्या हसत होत्या.

मी एक शब्द खोटा बोलले नाही. फक्त तोटी सोडली.

घर झालं. रजिस्ट्रीच्या दिवशी त्यांनी ह्यांना टोपी-टॉवेल केला, मला साडी दिली. पुढे कित्येक महिने मी ही गोष्ट सांगत हिंडले. भिशीत सांगितली, शाळेच्या निरोप समारंभात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. “आमच्या मनात असलं काही नाही. आम्ही आमचं घर साळवे सिस्टरांना दिलं.” विकलं म्हणायच्या ऐवजी मी दिलं म्हणायचे. ऐकणारे माना डोलवायचे. त्यातल्या कुणाचं घर त्यांच्या हयातीत साळव्यांना मिळालं नसतं, आणि ते मनात धरून मी आणखी ताठ बसायचे.

रजिस्ट्रीनंतर महिन्याभरानं मी काही राहिलेली भांडी आणायला बाजारात गेले. मे संपत आला होता. सिस्टर जिन्यात भेटल्या. दोन हातांत दोन कॅन, खालच्या चौकातल्या हातपंपावरून भरून आणलेले. धापा टाकत होत्या. जिना कोरडा ठणठणीत होता. मी विचारलं, “आई कशा आहेत?” कॅन खाली ठेवून पदरानं मान पुसत म्हणाल्या, “आईला गावाकडं नेऊन सोडलं मॅडम. तिकडं हिरीला पाणी हाये थोडं. भावजय करते जमंल तसं.” आणि पुन्हा कॅन उचलले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ड्यूटीवर एखाद्या पेशंटची माहिती द्यावी तसं सांगितलं. मी भांडी न घेताच परत आले.

खुर्चीत बसवून चौघांनी त्यांच्या आईला वर नेलं होतं, तसंच चौघांनी खाली आणलं, हे मला नंतर रंगनाथरावांकडून कळलं. गॅलरी तिला सतरा-अठरा दिवस दिसली असेल. पावसाळ्यात बोअरला पाणी आलं की आईला आणायचं, असं सिस्टरांनी ठरवलं होतं. त्या पावसाळ्यात आई आष्टीलाच वारली. मला निरोप आला होता. मी गेले नाही. सुनेचं बाळंतपण जवळ आलंय असं सांगितलं. दोन महिने होते त्याला.

त्यानंतर मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. सराफ्यातून मोठा वळसा घालायचे. ह्यांना वाटायचं, जुन्या घराची आठवण येऊन हिला त्रास होतो. एकदा मी ह्यांना स्पष्टच म्हणाले की आपण त्या बाईला फसवलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “आपण काही खोटं बोललो का? आन सगळेच करतेत ते.” ते बरोबरच होतं. जनाची नाही तर मनाची तरी, असं आपल्यात म्हणतात. जनाची लाज वाटायला जन तर सगळे टँकरच्या पाइपाला हात लावून उभे होते. उरलं मन, आणि मनाला मी सांगत होते की बाई, चार घरांनी हाकललेल्या माणसाला तू घर दिलंस. मन ते काही वर्षं ऐकत राहिलं. आता ऐकत नाही.

आता ह्यांना वेगळंच दुःख आहे. बाजारात नवी पाइपलाइन आली, नळ चार दिवसांनी येतो, घरांचे भाव कुठल्या कुठे गेले. पाट्या वाचत वाचत हे म्हणतात, “आपण घाई केली. आत्ता विकायला पाहिजे होतं.” मी मान हलवते. एकाच घराची आम्हा दोघांनाही हळहळ आहे, म्हणून बरं चाललंय आमचं.

परवा रसवंतीवरून उठले आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही कापड बघा, मी आले. वळसा न घालता गल्लीत शिरले. बिल्डिंगीला मोतिया रंग दिलाय. खाली मोबाइलचं चकचकीत दुकान. जिन्याला स्टीलचा कठडा बसवलाय, त्याला धरून धरून दुसऱ्या मजल्यावर गेले. काय बोलायचं ते पायरीगणिक ठरवत होते आणि पुसत होते.

सिस्टरांनी दार उघडलं. केस पांढरे झालेत. मला बघून दचकल्या नाहीत, “या मॅडम, लई दिवसांनी,” म्हणाल्या. पुढच्या खोलीत कॉट नव्हती, दोन खुर्च्या होत्या. मी बसले आणि बसल्या बसल्याच सुरुवात केली, नाहीतर जमलंच नसतं. “सिस्टर, मला एक सांगायचंय. त्या दिवशी, घर बघायला आलात तेव्हा…”

“टँकरचं व्हतं ते,” त्या म्हणाल्या. “माहिती हाये मला. तिसऱ्याच दिवशी पक्कं कळलं.”

त्या आत गेल्या, चहा ठेवल्याचा आवाज आला, मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मी दवाखान्यात काम करते मॅडम, मला काय कळत न्हाई? एप्रिलात जिना कोण धुतंय? पन आडनाव ऐकून तुमचं तोंड बदललं न्हाई. मी त्या दिवशी तेवढंच पाहून राह्यले व्हते. मंग नळाकडं कोण पाहतंय?”

“मग भांडायला का नाही आलात?” मी विचारलं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अनेक वर्षं वाटत आलंय. माझ्यासाठी बरं.

“भांडून काय करू? बिल्डिंगीतले सगळे म्हणले असते, बघा, ह्या लोकायला घर देऊच न्हाई. माझ्यामागून येणाराला मंग कोण देईन?” चहा उतू जाईल म्हणून त्या आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, “आईचं मातर राहून गेलं.”

मला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. आलं नाही. चहा समोर आला, मी घेतला. माफ करा हे दोन शब्द तोंडात घोळत होते, आणि आईचं राहून गेलं याच्यासमोर ते कसे ठेवायचे, हे मला कळत नव्हतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही आल्या. एक काम व्हतं तुमच्याकडं.”

रंगनाथराव आता मुलाकडे राहायला निघालेत. पहिल्या मजल्यावरचं घर विकायचंय. सिस्टरांच्या धाकट्या बहिणीची परतूरहून इथल्या शाळेत बदली झालीय, तिला ते घर हवंय. “ते न्हाई म्हणत न्हाईत,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणतेत, तुमचं एक घर हाये तोवर ठीक. एकाच बिल्डिंगीत दोन झाले म्हंजे दुसरे गिऱ्हाईक बिचकतेत. तुम्हाला ते लई मानतेत. तुम्ही एक शब्द टाका मॅडम. नुसतं एवढंच सांगा, की माणसं चांगले हायेत.”

मी सांगायचं. त्या चांगल्या आहेत, हे मी.

मला नाही म्हणता आलं नाही आणि हो म्हणायला तोंड नव्हतं. मी फोन काढला. माझ्या फोनचा आवाज बारीक येतो म्हणून मी तो नेहमी स्पीकरवर ठेवते, तसाच लावला. रंगनाथराव गावी गेले होते, तिथून मोठ्या आवाजात बोलले. तब्येत झाली, ऊन झालं. मग मी विषय काढला. साळव्यांची बहीण, शिक्षिका, माणसं फार चांगली आहेत, मी ओळखते.

“ते तर हायेच मॅडम,” रंगनाथराव म्हणाले. “ती बाई लई गुणाची. आता बघा ना, आपण टाकी भरून घर दाखवलं, तिच्या मायला माघारी न्यावं लागलं, तरी एका शब्दानं तक्रार न्हाई केली. दुसरं कोणी असतं तर पोलिसात गेलं असतं. असले शेजारी कुठं भेटतेत?” ते थोडं थांबले. “बरं, देतो. तुम्ही म्हणता म्हंजे बराबर असंल. तुमच्या शब्दावर देतो.”

सिस्टर कपबशा गोळा करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. हातातली बशी नीट खाली ठेवली, मान हलवली आणि मला हातानं खूण केली, की झालं, ठेवा आता.

मी फोन ठेवला. आता बोलायचं, असं मनाशी म्हणाले. सिस्टर उठल्या, खालच्या पायरीपर्यंत मला हाताला धरून आणलं, गुडघ्याचं विचारलं, गोळी कुठली घेता ते विचारलं. मग हात सोडताना म्हणाल्या, “लई उपकार झाले मॅडम. पोरीला घर झालं.”

मी माफी मागायला गेले होते. “उपकार कसले,” असं म्हणाले, आणि घरी आले.